साचा समोर कापायचा

मावशीच्या दुकानाला पाटी नव्हती. खाली टायरवाल्याचं दुकान, त्याच्या अंगानं जाणारा बोळ, बोळात गंजलेला लोखंडी जिना आणि जिन्याच्या टोकाला हिरवं दार. घंटीखाली चिठ्ठी चिकटवलेली: दोनदा वाजवा. एकदा वाजली तर मावशी जागची हलायची नाही. एकदा वाजवणारा काहीतरी विकायला आलेला असतो, दोनदा वाजवणारीला कुणीतरी पाठवलेलं असतं, असं तिचं म्हणणं.

टायरवाल्याला हे सगळं गूढ वाटायचं.

"वर काय जादू करता हो मावशी? बायका रुमाल बांधून चढतात आणि केस उडवत उतरतात."

"तुम्ही टायरात हवा भरा."

"भरतोच आहे. पण विचारलं तर सांगावं माणसानं."

"तुमचं टक्कल कानापर्यंत आलं की या. तेव्हा सांगेन."

तो टोपी सारखी करून पंपाकडं वळायचा.

मावशी केसांचे टोप करायची. पण 'टोप' हा शब्द फक्त नाटकवाल्यांसाठी. आजारपणात ज्यांचे केस गेलेत त्या बायकांसमोर तिनं तो कधी उच्चारला नाही. त्यांना ती फोन करून सांगायची, "तुमचे केस झालेत, घेऊन जा." जणू कपडे इस्त्रीला टाकले होते.

हे काम ती सासऱ्यांकडून शिकली. नवऱ्याला केसांची किळस यायची. तो बस चालवायचा आणि पन्नाशीच्या आत एका सकाळी बसच्याच स्टिअरिंगवर डोकं टेकवून गेला. सासऱ्यांनी मात्र सुनेच्या हातात जाळी आणि आकडीची सुई दिली. एका वेळी एक केस, एका केसाला एक गाठ, एका डोक्याला तीस-पस्तीस हजार गाठी. राजांच्या, भुतांच्या, खलनायकांच्या डोक्यांवर हात बसला, आणि मग एका नर्सनं पहिली बाई पाठवली. ती बाई खुर्चीत बसून रुमाल सोडेना. मावशीनं काही न बोलता उठून आरशावर चादर टाकली. तेव्हापासून आरशावर पडदाच. बसलेली बाई म्हणेल तेव्हाच तो सरकायचा.

मापाची पद्धत सासऱ्यांची. डोक्याला पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, त्यावर चिकटपट्टीचे थर द्यायचे, कपाळापासून मानेपर्यंत केसांची रेघ पेननं काढायची आणि अलगद उचलायचं. हातात त्या डोक्याची कडक टोपी येते. तिला म्हणायचं साचा. साचा लाकडी डोक्यावर चढवून त्यावर काम.

आणि काम संपलं, बाईचे स्वतःचे केस परत आले, की तिनं एकदा यायचं. ही मात्र मावशीची स्वतःची रीत. बाई खुर्चीत बसायची, मावशी कपाटातून तिचा साचा काढायची आणि तिच्यासमोर मोठ्या कात्रीनं मधोमध कापायची. मग चार तुकडे. मग फोन उघडून तिच्या डोक्याचे चार बाजूंचे फोटोही तिच्या डोळ्यांदेखत पुसायचे.

"कापलं," मावशी म्हणायची. "आता हे डोकं फक्त तुमचं."

बायका रडायच्या त्या इथं. केस जाताना नाही, साचा कापताना.

बहीण गेली तेव्हा तिची मुलगी नऊ वर्षांची होती. मावशीनं तिला घरी आणलं आणि अकराव्या वर्षी सुई हातात दिली. भाचीचा हात मावशीपेक्षा हलका. कपाळावरची पहिली ओळ, जिथं खोटं उघडं पडतं, ती मावशी भाचीलाच करायला द्यायची. वीस वर्षं दोघी एकाच खिडकीच्या उजेडात समोरासमोर बसल्या.

'सोबत' नावाचं ॲप भाचीनं आणलं.

"मावशी, अंगठा दे."

"कशाला?"

"फोन उघडायला. हे बघ, विचारतंय, तुमचे फोटो बघू का. हो दाब."

"त्याला कशाला बघायचेत?"

"त्याला म्हणजे कुणाला? ते माणूस नाही गं. बाईच्या नावासमोर तिचा फोटो, तिचं माप, तिची तारीख, सगळं एका जागी येणार. तुझ्या त्या वह्यांना वाळवी लागलीय."

"वाळवी नाही, चहा सांडलाय."

"हो दाब."

मावशीनं दाबलं. मग त्यानं विचारलं, फोन नंबर बघू का. हो. तारखा आणि नोंदी बघू का. हो. तुम्ही वापरत नसतानाही बघत राहू का.

इथं मावशीचं बोट थांबलं. "मी नसताना म्हणजे?"

"तू जेवत असशील, झोपली असशील तेव्हा. तुला काही करावं लागणार नाही."

"अच्छा," मावशी म्हणाली आणि चौथं हो दाबलं.

दोन महिने बसून भाचीनं वह्यांमधली मापं त्यात चढवली. वह्या रद्दीत गेल्या. मावशीला ते आवडलं नाही, पण भाचीनं काही केलं की ते आवडून घ्यायची तिला सवय होती.

बिघडलं ते काचेवरून. भाचीला रस्त्यावर दुकान हवं होतं, समोर काच, वर पाटी.

"तू त्यांना चोरासारखं मागच्या जिन्यानं आणतेस," ती म्हणाली. "आजारी पडणं गुन्हा आहे का? येऊ देत की समोरून."

"ज्यांना यायचंय त्या येतील. ते त्यांनी ठरवायचं."

"त्या कधीच ठरवणार नाहीत. तू ठरवूच देत नाहीस. बोळ, पडदे, दोनदा घंटी. लाज तूच शिकवतेस त्यांना."

मावशीला हे लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. म्हणून ती जास्तच कडू बोलली. "तुला नऊ वर्षांची आणली तेव्हा काच लावून आणली नव्हती मी. चार लोकांना दाखवायला नव्हती आणली."

भाचीनं आपल्या सुया गोळा केल्या. ती दारात पोचली तेव्हा मावशीनं फोन उचलला. 'सोबत'च्या चित्रावर बोट दाबून धरलं, ते थरथरलं, फुली आली, फुलीवर बोट ठेवलं. चित्र गेलं.

"कापलं," मावशी म्हणाली.

भाचीनं ते पाहिलं. तोंड उघडलंही तिनं, काहीतरी सांगायला. मग मिटलं.

"बरं. येते," म्हणाली आणि जिना उतरली.

त्यानंतर आठ महिन्यांनी गणिताच्या बाई आल्या.

घंटी दोनदा, बरोबर मोजून. उंच, किडकिडीत, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसणाऱ्या. शाळेत गणित शिकवायच्या. केस आदल्या दिवसापासून उशीवर यायला लागले होते.

"सगळेच काढते," मावशी म्हणाली. "उरलेल्यांची वाट बघण्यात जास्त त्रास होतो."

"काढा."

मशीन फिरवता फिरवता मावशी बोलत राहिली, तशी ती नेहमीच बोलायची. "डाव्या कानामागं दोन तीळ आहेत तुमच्या. जोडीनं बसलेत."

"मुलीला माहीत आहेत ते. लहानपणी कडेवर बसून मोजायची. एक, दोन. एक, दोन. पुढं यायचंच नाही तिला." बाई पहिल्यांदा हसल्या, मग थांबल्या. "फोटो कशाला काढताय?"

"पाच आठवडे तुम्ही इथं बसून राहणार नाही. मग मी कुणाकडं बघून गाठी मारू?"

"कोण बघणार हे?"

"मी. आणि हे लाकडी डोकं. ते बोलत नाही."

बाईंना हे हसण्यासारखं वाटलं नाही. "नीट ऐका. माझी मुलगी बाहेरगावी शिकते. शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे, अठरा दिवसांनी सुरू. पाच पेपर. तिला यातलं काही माहीत नाही. रोज संध्याकाळी फोनवर माझं तोंड बघते. शेवटचा पेपर झाला की मी स्वतः जाऊन तिला सांगणार आहे. तोवर तिला कळता कामा नये."

"बाई, सत्तावीस वर्षं झाली. या खोलीतून कुणाचं काही बाहेर गेलेलं नाही."

हे बोलताना मावशीनं मशीन उगाच पुसलं. महिन्यापूर्वी एका बाईला भाचीच्या नव्या दुकानातून निरोप गेला होता, तिच्या मापाचे केस तयार आहेत म्हणून. मावशीनं त्या दिवशी फोनचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी खात्याचाही बदलला, जिथं तिचे फोटो, नंबर, तारखा सगळं जमा असायचं. मग टायरवाल्याशी बोलणं बंद केलं, खबरदारी म्हणून. एवढं केल्यावर ते मिटलं असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

साचा उतरवून तिनं बाईंसमोरच फोनमध्ये तारखेखाली नोंद केली: गणिताच्या बाई, कान ते कान साडेबारा, कपाळ ते मान चौदा. मग तात्पुरते तयार केस देऊन त्यांना जिन्यापर्यंत सोडलं.

चौथ्या दिवशी घंटी दोनदा वाजली. लगेच पुन्हा दोनदा.

बाई आत आल्या, बसल्या नाहीत. फोन समोर धरून त्यांनी वर्गात उदाहरण वाचतात तसं वाचलं. "नमस्कार मॅडम. तुमच्या मापाचे तयार केस आमच्याकडे उपलब्ध आहेत. कान ते कान साडेबारा, कपाळ ते मान चौदा. पाच आठवडे थांबू नका."

मावशी स्टुलावर टेकली.

"ही मापं तुम्ही माझ्यासमोर त्या फोनमध्ये घातलीत," बाई म्हणाल्या. "तिसरं माणूस नव्हतं. मापं गेली तर फोटोही गेले. असं पूर्वी झालंय?"

मावशीनं टेबलावरची सुई उचलून पुन्हा खाली ठेवली.

"मी विचारतेय. असं पूर्वी झालंय?"

"एकीला. महिन्यापूर्वी. मी पासवर्ड बदलला, बाई. दोनदा बदलला."

"आणि मला म्हणालात, काही बाहेर गेलेलं नाही."

केसानं गळा कापला असं लोक म्हणतात ते मावशीनं आयुष्यभर ऐकलं होतं. धंदाच केसांचा, म्हणून कधी कधी हसूही यायचं. त्या दिवशी गळा बाईंचा होता आणि केस आपल्याच टेबलावरचा, हे तिला दिसत होतं.

बाई निघून जातील असं वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली, टेबलावरचे केसांचे जुडगे हातानं बाजूला केले आणि पर्समधून शाळेची वही काढली.

"मुद्दे मांडू. ते ॲप कोणी लावलं, कधी लावलं, कधी काढलं?"

"भाचीनं लावलं. ती गेली त्या दिवशी मी काढलं. तिच्यासमोर."

"फोनवरून काढलंत. खात्यातून काढलंत का?"

"म्हणजे?"

"फोन द्या."

बाई खात्याच्या सेटिंगमध्ये शिरल्या, तिथून सुरक्षेच्या पानावर, तिथं खाली खाली जात एका यादीपाशी थांबल्या. जोडलेली ॲप्स. तीन नावं. एक रस्ते दाखवणारं, एक फोटो उजळ करणारं आणि 'सोबत'. त्याच्यावर बोट ठेवल्यावर पान उघडलं. फोटो बघू शकतं. संपर्क बघू शकतं. तारखा आणि नोंदी बघू शकतं. शेवटचा वापर: आज.

"आज?" मावशी म्हणाली. "अहो, ते गेलं. मी काढलं. चित्र थरथरलं होतं."

"चित्र गेलं. तुम्ही दिलेलं हो आहे तिथंच आहे. पासवर्ड बदलला तरी ते हो बदलत नाही, ते वेगळं दिलेलं असतं."

मावशीनं टेबलावरची अर्धवट जाळी उचलली. एक केस कात्रीनं मुळाशी कापला आणि जाळी उलटी केली. आतल्या बाजूला, डोक्याला टेकते तिथं, गाठ जशीच्या तशी बसलेली होती.

"हे असं," ती म्हणाली. "वरून कापलं तर दिसत नाही. गाठ सोडवायची तर जाळी उलटीच करावी लागते. पोरीला मीच शिकवलंय हे."

"मग तिला माहीत होतं."

"दारात उभी होती. तोंड उघडलं होतं तिनं."

तोंड उघडून मिटलेली भाची दोघींच्या मध्ये उभी राहिल्यासारखी झाली. मग मावशीनं झडप घालून फोन घेतला. "कुठं दाबायचं ते दाखवा. आत्ता तोडते."

"थांबा."

"थांबा काय? तुमचा फोटो आहे त्यात."

"म्हणूनच. आत्ता तोडलंत तर त्यानं काय काय नेलंय हे कुणाला विचारणार? आधी त्याच्याकडं काय आहे ते बघू, लिहून घेऊ. मग तोडू. उत्तर लिहिण्याआधी उदाहरण उतरवून घ्यायचं असतं."

बाईंचा आवाज शाळेतला होता.

'सोबत'च्या साइटवर मावशीच्या नंबरनं कोड मागवला. आला. आत गेल्या. वर दुकानाचं नाव भाचीचं. मालक म्हणून भाची. खाली मावशीचं नाव आणि त्यासमोर: कारागीर.

"कारागीर," मावशीनं वाचलं. "कुणाच्या दुकानात?"

बाईंचं बोट पडद्यावर खाली सरकत होतं. त्या मोजत होत्या. एकसष्ट डोकी. समोरून, डावीकडून, उजवीकडून, मागून. आठ महिन्यांपूर्वी जी कापली असं मावशीला वाटत होतं तीही, आणि त्यानंतर खात्यात आलेलं प्रत्येक. ज्यांचे साचे तिनं समोर कापले होते, ज्यांचे फोटो त्यांच्या डोळ्यांदेखत पुसले होते, त्याही. एकसष्टावं डोकं बाईंचं स्वतःचं. डावीकडून काढलेल्या फोटोत दोन तीळ स्पष्ट दिसत होते.

"आता खात्री करू," बाई म्हणाल्या. "त्या लाकडाचा फोटो काढा."

मावशीनं लाकडी डोक्याचा फोटो काढला. दोघी 'सोबत'च्या पानाकडं बघत बसल्या. खाली टायरवाल्याच्या पंपाचा आवाज चालू होता. मिनिटभरानं पान हललं. नवीन ग्राहक, क्रमांक बासष्ट. गुळगुळीत, नाक नसलेलं, डोळे नसलेलं.

"घ्या," मावशी म्हणाली. "उद्या यालाही निरोप जाईल."

बाई हसल्या असत्या, पण त्यांना ते जमलं नाही.

दीड तास लागला. मावशी नाव वाचायची, बाई लिहायच्या. नाव, माप, किती फोटो. काही नावांशी मावशी थांबायची. "ही गेली." पुढं. "ही बरी झाली. मुलगा झाला तिला." पुढं. "ही पुन्हा आली होती." पुढं. यादी संपल्यावर बाईंनी खात्यातल्या त्या पानावर परत जाऊन बटण दाखवलं: प्रवेश काढून टाका.

मावशीनं दाबलं. खात्री आहे का, असं विचारलं. या वेळी तिचं बोट थांबलं नाही. उरलेली दोनही काढली. मग तिनं लाकडी डोक्याचा दुसरा फोटो काढला. दहा मिनिटं बघत बसल्या. त्रेसष्टावा ग्राहक आला नाही.

"सुटली गाठ," मावशी म्हणाली.

"ही सुटली." बाईंनी खाली बारीक अक्षरात आलेली ओळ मोठ्यानं वाचली. "हे ॲप यापुढे तुमची माहिती पाहू शकणार नाही. आधी घेतलेल्या प्रती त्याच्याकडे राहू शकतात."

एकसष्ट डोकी अजून समोरच होती. मावशीनं एकावर बोट दाबून बघितलं. पुसण्याचा अधिकार मालकाला आहे, असं आलं.

बाईंनी तिथल्या तिथं कंपनीला लिहिलं, यादीसकट, सगळं पुसा म्हणून. लगेच उत्तर आलं: तुमची विनंती दुकानाच्या मालकाकडे पाठवण्यात आली आहे.

तेव्हा मावशीनं भाचीला फोन केला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. बाईंना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"तुला माहीत होतं," मावशी म्हणाली. कशी आहेस नाही, काही नाही.

पलीकडं रस्त्याचा आवाज होता. "मला वाटलं तुझ्या लक्षात येईल."

"आठ महिने?"

"ते आपोआप येत होतं, मावशी. मी काही तुझ्या कपाटात हात घातला नाही. रोज सकाळी उघडलं की असायचंच समोर."

"तोंड फिरवायचंस."

"आणि त्या बाया? पाच आठवडे वाट बघतात तुझ्या एका सुईसाठी. माझ्याकडं तिघी आहेत कामाला, आठवड्यात देते मी. तूच सांग, आजारी बाईला काय हवं असतं, तुझी रीत की केस?"

बाई पुढं वाकल्या. "मला विचारायचंत. मी आजारी बाई बोलतेय. साडेबारा, चौदा."

भाचीचा आवाज बारीक झाला. "मॅडम, मी फक्त निरोप पाठवला. फोटो कुणाला दाखवला नाही."

"उद्या दुपारी इथं या. माझ्यासमोर पुसा."

भाची आली. घंटी एकदाच वाजवली, आणि मावशीनं तरीही दार उघडलं. कुणी कुणाला बस म्हटलं नाही. भाचीनं फोन काढला, बाईंच्या समोर धरला, एकेक नाव पुसत गेली. बाई वहीतल्या यादीवर खुणा करत गेल्या. लाकडी डोकंही पुसलं. शेवटी पान कोरं झालं.

"झालं," भाची म्हणाली. सवयीनं तिच्या तोंडून पुढचं, 'आता हे डोकं फक्त तुमचं', निघणार होतं. मावशीनं तिच्याकडं पाहिलं, तशी ती थांबली.

"अजून कुठं आहे?" मावशीनं विचारलं.

"कुठं नाही."

"माझ्या डोळ्यात बघून बोल."

"कुठं नाही म्हटलं ना मावशी. शाळेतल्या मुलीसारखं काय विचारतेस?"

ती गेली. जिन्यावर तिची पावलं नेहमीसारखी वाजली, एक पायरी सोडून एक. लहानपणापासून ती तशीच उतरायची.

पुढचे दहा दिवस मावशीनं यादी घेऊन फोन केले. काय झालं ते सरळ सांगितलं. एक म्हणाली, जाऊ द्या मावशी, आता मला लाज राहिली नाही. एकीनं ऐकून घेतलं आणि न बोलता फोन ठेवला. एकीच्या नवऱ्यानं उचलला आणि विचारलं, कसले केस? मावशी म्हणाली, चुकीचा नंबर लागला. उरलेल्या वेळात ती बाईंचे केस विणत होती. सकाळी उजेड आला की सुरू, बोटांना पेटके येईपर्यंत. कपाळावरची पहिली ओळ आता तिलाच करावी लागत होती.

परीक्षेचा पहिला पेपर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

"मुलगी घरी आलीय," त्या म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं. "दुसऱ्या पेपरला बसली नाही. पहाटेची गाडी पकडून आली."

मावशीनं सुई जाळीत तशीच खोचून ठेवली.

"तुमच्या भाचीच्या दुकानाचं पान आहे ना फोनवर. आधी आणि नंतर, असे फोटो टाकतात. त्यातला एक कुणीतरी कुणाला पाठवला, फिरत फिरत तिच्या वसतिगृहात आला. डोळ्यांवर काळी पट्टी मारलीय. चेहरा अगदी ओळखू येत नाही." बाई थांबल्या. "डावीकडून काढलेला आहे."

मावशीला काही विचारावं लागलं नाही. एक, दोन. एक, दोन.

तिनं भाचीला फोन लावला. भाची रडत होती, म्हणजे तिला कळलं होतं.

"मी पुसलं तेव्हा खरंच पुसलं होतं मावशी. पण पान चालवायला माणूस ठेवलाय, त्याच्याकडं आधीच काही गेले होते. त्याला पट्टी मारायला सांगितली होती मी. माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"डोळ्यात बघून विचारलं होतं."

मावशीनं फोन ठेवला. त्या दिवसानंतर तिनं भाचीचं नाव काढलं नाही. पण भाचीची सुई, ती जाताना विसरून गेलेली, टेबलाच्या खणात होती, तिथून तिनं हलवलीही नाही.

बाईंचे केस वेळेवर झाले. न्यायला त्यांचे यजमान आले. नम्र माणूस, पाणी नको म्हणाला, डबा दोन्ही हातांत धरून उतरला.

वर्ष उलटलं. नर्सकडून बायका येणं हळूहळू थांबलं. नर्सनं कधी कारण सांगितलं नाही, मावशीनं विचारलं नाही. नाटकवाले येत राहिले. टायरवाल्याशी बोलणं पुन्हा सुरू झालं. त्यानं एकदा विचारलं, "आता बायका नाही येत त्या?" मावशी म्हणाली, "बऱ्या झाल्या सगळ्या."

मग एके दुपारी तिनं स्वतःच बाईंना फोन केला.

"केस आले असतील तुमचे."

"आलेत. कानापर्यंत. कुरळे आलेत, पूर्वी सरळ होते."

"होतं तसं. मुलगी कशी आहे?"

"या वर्षी बसली परीक्षेला. बोलते आता. बरीचशी बोलते."

"मग या एकदा. साचा ठेवलाय तुमचा. समोर कापायचाय."

पलीकडं बाईंचा आवाज मऊ झाला. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीला दुखवायचं नसलं की तो असाच होत असेल.

"तुम्हीच कापून टाका मावशी."

"तुमच्यासमोर कापते ना. तशी रीत आहे."

"राहू दे हो," बाई म्हणाल्या. रागानं नाही. "बघून काय कळतं?"

मावशीनं कपाटातून साचा काढला होताच. तो लाकडी डोक्यावर चढवून समोर ठेवलेला होता, पेननं काढलेल्या रेघेसकट. शेजारी मोठी कात्री. खुर्ची पुसून ठेवलेली. तिनं कात्री उचलली, रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं आणि खाली ठेवली.

साचा अजून तिथंच आहे.